नारळाची रेघ

उत्तमराव पिसाळ खोटं बोलत आहेत, याबद्दल त्या सोमवारी सकाळी नीलांबरी थोरातच्या मनात तिळभरही शंका नव्हती. पुरावा समोर पडद्यावर होता. मांडीच्या मागच्या बाजूची चरबी : नारळ, नऊ पूर्णांक एक टक्के.

"काका, डब्यात काय काय असतं तुमच्या?"

"सांगितलं की. दोन चपात्या, भाजी, आमटी. आमटी म्हणजे पिवळं पाणी."

"आणि बाहेर?"

"बाहेर चहा. बिनसाखरेचा. तोही तुमच्या धाकानं."

"मासे?"

"मॅडम, डबा देणाऱ्या बाई माळकरी हायत. मासा म्हटलं तर डबा बंद करतील माझा."

नीलांबरीनं पडदा त्यांच्याकडे वळवला. अन्नाबद्दल सगळेच खोटं बोलतात, आणि ते खोटं शांतपणे पकडणं हा तिच्या कामाचाच भाग होता. कराडमध्ये तिनं व्यायामशाळा काढली त्याला तेरा वर्षं झाली होती. एकेकाला स्वतंत्रपणे शिकवायचं आणि दर सोमवारी त्याची चरबी मोजायची, ही तिची पद्धत.

"ही रेघ बघा. ही नारळाची. तिच्या शेजारची समुद्राच्या मासळीची. डब्यात नारळ नाही, मासळी नाही. मग हे आलं कुठून? कुणाकडे जेवायला जाता, सांगून टाका. मी रागावणार नाही."

उत्तमराव चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ रेघेकडे बघत राहिले. सहासष्ट वर्षांचा, भूमापन खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोलायचाच. आज बोलला नाही.

"मी कुणाकडं जेवायला जात नाही," शेवटी ते म्हणाले. "आमची मंडळी वेंगुर्ल्याची. वैजू. तिला सगळ्यात नारळ लागायचा. आमटीत नारळ, भाजीत नारळ. मी म्हणायचो, चहात तेवढा राहिलाय बघ. माहेराहून एस्टीनं पोतं यायचं, सोबत सुकी मासळी." त्यांनी रेघेजवळ बोट नेलं, पण पडद्याला लावलं नाही. "ती जाऊन सव्वादोन वर्षं झाली. तेव्हापासून घरात नारळ फुटलेला नाही."

नीलांबरीनं ओशाळून पडदा पुन्हा आपल्याकडे वळवला.

*

यंत्राचं तत्त्व सोपं होतं. डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचा एक ठरावीक 'रंग' असा असतो, की तो पाण्यापेक्षा चरबी जास्त शोषून घेते. त्या प्रकाशाचा क्षणभराचा झोत त्वचेवर टाकला की आतली चरबी अंशाच्या अगदी बारीक भागानं तापते, तापली की किंचित फुगते आणि फुगताना आवाज करते. हा आवाज माणसाच्या कानाला कळत नाही, पण अंगावर बांधायच्या पट्टीत बसवलेल्या स्फटिकाला कळतो. तो किती वेळानं आला यावरून चरबी किती खोल आहे ते समजतं आणि किती मोठा आला यावरून किती आहे ते. नीलांबरीनं हे पहिल्यांदा समजावून सांगितलं, तेव्हा उत्तमराव म्हणाले होते, "म्हणजे हे मोजत नाही, ऐकतंय. मग हिला ऐकणीच म्हणायची." तेव्हापासून ते नाव पडलं.

ऐकणीच्या आधी कॅलिपर होता. अंगावर सात ठिकाणी त्वचेची घडी चिमटीत धरायची, प्रत्येक जागी तीनदा मोजायचं आणि मधला आकडा घ्यायचा. त्याला पाऊण तास लागायचा. त्या पाऊण तासात माणसं नवऱ्याबद्दल, सुनेबद्दल, साहेबाबद्दल काय काय बोलायची. ऐकणीची पट्टी ज्याची त्यानं बांधायची आणि चार मिनिटं गप्प बसायचं. पुढं पट्ट्या घरोघरी झाल्या. लोक घरूनच आकडे पाठवू लागले आणि नीलांबरी तिथून व्यायाम लिहून पाठवू लागली. बत्तीस जणांपैकी प्रत्यक्ष येणारे सात उरले. निकाल आधीपेक्षा चांगले येत होते, त्यामुळं तक्रार करायला जागा नव्हती.

यंत्रात ताजी भर पडली होती ती तेलांची. प्रत्येक तेलातल्या मेदाम्लांच्या साखळ्या वेगवेगळ्या लांबीच्या असतात, कुठं सरळ तर कुठं मोडलेल्या, आणि त्यानुसार त्यांचा आवाजही थोडा थोडा बदलतो. खाल्लेल्या तेलाचा काही भाग शरीर फारसा न बदलता साठवून ठेवतं. त्यामुळं एखाद्याच्या घरात शेंगतेल वापरतात, सोयाबीन वापरतात की वनस्पती तूप, ते त्याच्या चरबीवरून सांगता येऊ लागलं. चरबीचा रेणू माणसाच्या अंगात सरासरी दीड वर्षाच्या वर राहतो. पोटावर लवकर बदलतो, मांडीला उशिरा. यंत्र बनवणाऱ्यांनी हे सगळं लपूनछपून खाणारे सापडावेत म्हणून केलं होतं. माणूस गेल्यावरही त्याचा स्वयंपाक तिथं सापडेल, हे त्यांच्या डोक्यात आलं नसावं.

पट्टी कामाला लावण्याआधी ती नीलांबरीला स्वतःवर तपासून बघावी लागली होती. तिच्या आलेखात एकच रेघ आली, शेंगतेलाची, टोकापासून टोकापर्यंत सारख्या जाडीची. ती स्वतःसाठी रोज दोन चमचे तेल मोजून घ्यायची. दुसऱ्या कुणाच्या घरचं काहीच त्यात उमटलं नव्हतं, दिवाळीच्या फराळाएवढंसुद्धा. यंत्रानं शेरा दिला होता : आदर्श नमुना.

*

पुढच्या सोमवारी उत्तमरावांनी पट्टी सोडता सोडता विचारलं, "एक शंका आहे. माणूस आज खातो ते आधी जळतं, का अंगातलं जुनं आधी?"

नीलांबरीला बरं वाटलं. असे प्रश्न आता कुणी विचारत नसे.

"सर्वसाधारणपणे नवं आधी. पेशीत चरबीचा थेंब असतो. नंतर आलेले रेणू त्यात वरच्या बाजूला राहतात, ते आधी बाहेर पडतात. जुने आत असतात. अगदी काटेकोर तसंच होतं असं नाही, पण कल तसा आहे."

"म्हणजे वरची माती आधी."

"बरोबर."

त्यांनी मान डोलावली. हे कशासाठी विचारताय, हे नीलांबरीनं विचारलं नाही. प्रश्न चोख होता आणि तिनं उत्तर चोख दिलं. तिची चूक एवढीच.

चूक लक्षात यायला सहा आठवडे गेले. उत्तमरावांच्या पोटाला जुन्या शस्त्रक्रियेच्या जागी मोठा हर्निया होता. टाक्यांची जागा सैल होऊन आतडं बाहेर डोकावायचं. डॉ. शबाना मुल्ला तो शिवायला तयार होत्या, पण अट होती. पोटात इतकी चरबी असताना टाके टिकणार नाहीत, छत्तीस टक्क्यांवरून तीसच्या खाली आणा, मग तारीख देते. म्हणून ते नीलांबरीकडे आले होते. वजन उचलायचं नाही, श्वास कोंडायचा नाही, संगमाच्या घाटावर चालायचं आणि इथं बसून हलके व्यायाम करायचे. पहिल्या तीन महिन्यांत दोन टक्के उतरले होते. आता आकडा उलटा चढत होता. चौतीस, पस्तीस, साडेछत्तीस. आणि पोटावर वनस्पती तुपाची रेघ बोटभर जाड झाली होती.

"काका, हे काय चाललंय?"

"स्टँडसमोर वडे चांगले मिळतात," उत्तमराव म्हणाले. "रोज चार खातो. संध्याकाळी भजी."

"चार?"

"लपवून काय उपयोग? ऐकणी चुगली करणारच." ते हसले नाहीत. "वरचं जळतं ना आधी? मग वर भरत राहायचं. खालचं तसंच राहतं."

तिनं मांडीची रेघ काढली. नारळ, आठ पूर्णांक नऊ. सहा आठवड्यांत जेमतेम उतरली होती. या माणसाचं गणित बरोबर होतं.

"पण शस्त्रक्रिया?"

"बघू की."

"आतडं अडकलं तर जीव जाईल, काका."

"मॅडम," ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "घरातल्या तिच्या साड्या पूनमनं, लेकीनं, वाटून टाकल्या. कपाट रिकामं केलं. फोटो आहेत, पण फोटो काय, कुणीही काढतं. हे तिनं हातानं घातलेलं आहे. माझ्या अंगात. ते मीच घाम गाळून जाळून टाकू?"



*

बारा दिवसांनी डॉ. मुल्लांचा फोन आला. आतडं अडकलं होतं. सुदैवानं दाबून आत गेलं.

"या वेळी गेलं," डॉक्टर म्हणाल्या. "पुढच्या वेळी मला घाईत पोट उघडावं लागेल, आणि त्यातून ते उठतील याची खात्री मी देणार नाही. लेकीशी बोलले, ती नागपूरहून रडतेय फक्त. तुझं ऐकतात ते. काहीही कर, पण तीसच्या खाली आण."

दवाखान्यातल्या खाटेवर उत्तमराव लहान दिसत होते. नळी लावलेला हात त्यांनी चादरीवर सरळ ठेवला होता.

"आलात? बसा. हे सलाईन बघा, यात तेल नाही ना कसलं?"

"काका, सोमवारपासून पुन्हा सुरुवात करायची."



"एका अटीवर. दर सोमवारी नारळाचा आकडा मला सांगायचा. मी पडदा बघणार नाही, मला ते बघवत नाही. तुम्ही तोंडानं सांगायचं. आठच्या खाली गेला की मी थांबणार. कुणाचंही ऐकणार नाही, डॉक्टरीणबाईंचंही."

"आठच का?"

"कुठंतरी हद्द घालावी लागते."

तिनं हो म्हटलं. घाटाजवळून चालत घरी पोचल्यावर तिच्या ध्यानात आलं की तीसच्या खाली उतरताना नारळ आठवर थांबणं शक्य नाही.

तिसऱ्या सोमवारी पडद्यावर सात पूर्णांक नऊ आलं. उत्तमराव खिडकीकडे तोंड करून बसले होते.

"किती?"

नीलांबरीनं आयुष्यात कधी आकडा बदलला नव्हता. एकदा एका बाईच्या लग्नाआधी तिच्या आईनं हात जोडले होते, फक्त अर्धा टक्का कमी सांगा म्हणून. तेव्हाही तिनं मोजलं तेवढंच सांगितलं होतं, आणि त्या दोघी पुन्हा कधी आल्या नव्हत्या.

"आठ पूर्णांक सहा," ती म्हणाली.

"बरं आहे," उत्तमराव म्हणाले आणि चालायला गेले.

नंतरचे महिने तसेच गेले. यंत्राच्या नोंदीत खरे आकडे राहिले : सात, सहा पूर्णांक चार, पाच पूर्णांक सात. तोंडी आकडा आठ पूर्णांक सहाच राहिला, कधी आठ पूर्णांक पाच, पुन्हा सहा. चरबी उतरत गेली. चौतीस, बत्तीस. उत्तमराव घाटावर तीन फेऱ्या मारू लागले, मग पाच. डबेवाल्या बाईंशी भांडून त्यांनी आमटीत डाळ वाढवून घेतली. वड्याचा गाडा लागू नये म्हणून मागच्या गल्लीनं येऊ लागले. आपण एका माणसाला त्याच्या नकळत, त्याच्याच पायांनी, त्याच्या बायकोपासून दूर चालवत नेतोय, असं प्रत्येक चांगल्या आकड्याबरोबर नीलांबरीला वाटायचं. आणि हे बोलून दाखवावं असं तिला कुणीच नव्हतं. भावाला फोन केला तर तो म्हणाला असता, चांगलंच करतेयस की. चांगलंच करत होती, हे तिलाही माहीत होतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात नारळाच्या जागी आकडा आला नाही. आडवी रेघ आली. चार टक्क्यांच्या खालचा आवाज पट्टीला बाकीच्या आवाजांतून वेगळा काढता येत नव्हता.

"किती?" उत्तमरावांनी खिडकीकडे बघत विचारलं.

"आठ पूर्णांक पाच."

त्याच सोमवारी एकूण चरबी एकोणतीस पूर्णांक सात आली. डॉ. मुल्लांनी लगेच तारीख दिली.

*

दाखल व्हायच्या दिवशी उत्तमराव सकाळीच आले, हातात कपड्यांची पिशवी घेऊन. पट्टीकडे त्यांनी बघितलंही नाही. खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले आणि पिशवीतून एक वही काढून टेबलावर ठेवली. फूटपट्टीनं आखलेले रकाने होते : दिनांक, एकूण चरबी, नारळ, शेरा. शेऱ्याचा रकाना पहिल्या पानापासून कोरा होता.

"बत्तीस वर्षं मोजणी केली, मॅडम," ते म्हणाले. "एकच बांध आज मोजा, उद्या मोजा, चार बोटांचा फरक येतोच. साखळी ताणली जाते, ऊन असतं, माणूस दमलेला असतो. खरी मोजणी हलते. एखाद्या वहीत आकडा हलला नाही की आम्ही काय समजायचो, माहितीय? हा शेतात गेलाच नाही. झाडाखाली बसून लिहिलंय."

त्यांनी नारळाच्या रकान्यावरून बोट फिरवलं. आठ सहा, आठ पाच, आठ सहा, आठ सहा, आठ पाच.

नीलांबरीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "कधी कळलं?"

"पाचव्या सोमवारी शंका आली. सातव्या सोमवारी खात्री झाली."

"मग येत का राहिलात? तुम्ही तर थांबणार होतात."

"होतो की. मनात ठरवून आलो होतो, आज बाईंना झाडायचं आणि परत फिरायचं. पण खिडकीच्या काचेत तुम्ही दिसता. आकडा सांगायच्या आधी पेन उचलत होतात, खाली ठेवत होतात, परत उचलत होतात. म्हटलं, या बाईला खोटं बोलायची अजिबात सवय नाही. आणि माझ्यासाठी दर आठवड्याला बसून बोलतीया. घरात तर आता मला खोटं सांगायलाही कुणी नाही. मग चालायला गेलो. दुसरं काय करणार?"

रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला.

"आता खरं सांगा," उत्तमराव म्हणाले.

तिनं पडदा त्यांच्याकडे वळवला नाही. त्यांच्या डोळ्यांत बघून सांगितलं. "पंधरा दिवसांपूर्वी आडवी रेघ आली. चारच्या खाली यंत्राला ऐकू येत नाही. म्हणजे चारच्या खाली काही असेल. किंवा नसेल. ते मला सांगता येत नाही. कुणालाच येणार नाही."

"आज मोजलं तर?"

"आजही आडवी रेघच येईल, काका."

त्यांनी आपल्या मांडीकडे बघितलं. मग पँटची सुरकुती हातानं सरळ केली, एखाद्या झोपलेल्या पोराच्या अंगावरचं पांघरूण नीट करावं तशी.

"नदीकाठच्या गावांत हद्दीचे दगड पुरात जायचे," ते हळू म्हणाले. "वरनं पाच हात चिखल. दगड खाली आहे का वाहून गेला, कोण सांगणार? नवीन पोरं लिहायची, दगड नाही. मी ती वही परत पाठवायचो. नाही असं आपण लिहायचं नसतं. शेऱ्यात लिहायचं, जागेवर आढळून आला नाही. बस. जेवढं बघितलं तेवढंच."

ते उठले आणि पिशवी खांद्याला लावली. वही त्यांनी टेबलावरच ठेवली.

"सोबत कोण आहे?" तिनं विचारलं.

"पूनम दुपारपर्यंत पोचतीया. बरं झाल्यावर नागपूरला घेऊन जाणार म्हणते. तिथं ऊन फार." दारात ते वळले. "तुम्ही चोखपणे काम केलंत, मॅडम. खोटं सोडून."

"ते सगळ्यांत जास्त कष्टानं केलं होतं, काका."

"ते दिसलं की," असं म्हणून ते हसले आणि जिना उतरून गेले.

गुरुवारी सकाळी डॉ. मुल्लांचा फोन आला. टाके छान बसले होते. पोटात काम करायला जागा मिळाली होती, आतडं व्यवस्थित आत गेलं होतं. आजोबा सकाळी चार पावलं चाललेसुद्धा. "आणि एक निरोप दिलाय तुला. काय ते मला कळलं नाही. म्हणाले, मॅडमना विचारा, रकाना भरला का?"

नीलांबरीनं फोन ठेवला आणि वही उघडली. शेवटच्या ओळीत तिनं दिनांक घातला, एकूण चरबी लिहिली आणि नारळाच्या रकान्यात आडवी रेघ ओढली. शेऱ्याच्या रकान्यात बारीक, सरळ अक्षरात लिहिलं : जागेवर आढळून आला नाही. खाली सही केली.

शाई वाळेपर्यंत तिनं वही उघडीच ठेवली. घरोघरचे आकडे यंत्रावर येऊ लागले होते. एकेक आकडा येऊन आपापल्या नावापुढं बसत होता, आणि जिन्यावर कुणाचाही पाय वाजत नव्हता.